देहूच्या वाटेवरील घरे

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला आणि १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाने या भागात वसाहत उभारली. कामगार आले, घरे मात्र त्यांच्या मागोमाग आली नाहीत. ही उणीव भरून काढण्यास १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. निगडी-आकुर्डीकडे जमिनी संपादून पेठा आखल्या गेल्या, भूखंड ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिले गेले. तेथील रुंद रस्ते पाहता योजना मुळात चांगली होती, असेच आम्ही म्हणू.

परंतु पेठ आखण्यास वर्षे लागतात आणि भाडेकरूस छप्पर आज हवे असते! म्हणून तळवडे, चिखलीपासून देहूपर्यंत शेतकऱ्याचा गुंठा हेच गरिबाचे गृहनिर्माण मंडळ ठरले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यास असे तुकडे अमान्य होते. तरी लोकांनी ते घेतले. २००१ साली शासनाने गुंठेवारीचा कायदा करून त्या वर्षारंभापूर्वीची बांधकामे नियमित करण्याची वाट दिली, व २०२१ साली ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली. त्याच वर्षी प्राधिकरणही विसर्जित झाले.

आमच्या ज्ञातिबांधवांपैकी अनेकांची पहिली मालमत्ता अशीच दीड-दोन गुंठ्यांची आहे. त्यांतही देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या निर्बंधित क्षेत्रात, म्हणजे 'रेड झोन'मध्ये, ज्यांनी घर बांधले त्यांना या दोन्ही सवलती लाभल्या नाहीत. घरपट्टीची पावती त्यांच्या पेटीत आहे. बांधकामाचा परवाना नाही.