आवर्तन आणि यंत्राची स्मृती : ध्वनिसाठवणुकीच्या विस्ताराचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

तबल्याच्या एकलवादनात लेहऱ्याचे स्थान सर्वपरिचित आहे. हार्मोनियम वा सारंगीवर एक ठरावीक स्वरावली आवर्तनामागून आवर्तन वाजत राहते आणि तिच्या आधारे तबलावादक कायदा, रेला, तुकडे मांडतो. लेहरेदार उपलब्ध नसल्यास आज हे काम 'लूपर' या नावाने ओळखले जाणारे यंत्र करते. ते ध्वनीचा एक तुकडा साठविते आणि अखंडपणे पुन्हापुन्हा वाजविते.

मौदा येथे विद्यार्थ्यांच्या सरावासाठी प्रस्तुत लेखक असे एक जुने यंत्र वापरतो. त्यात एका वयोवृद्ध हार्मोनियमवादकांनी वाजविलेला त्रितालाचा लेहरा साठविलेला होता. त्यांची बोटे आता पूर्वीसारखी चालत नाहीत, त्यामुळे तो लेहरा पुन्हा मिळणे शक्य नाही. अधिक ध्वनिमुद्रणे मावावीत म्हणून यंत्रात मोठ्या क्षमतेचे स्मृतिकार्ड घातले, आणि यंत्र मुके झाले. या प्रसंगातून उद्भवलेल्या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. साठवण वाढविली की यंत्र का अडते?

तबकडीचा काळ :

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्ता येथे गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. त्या काळच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे. तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत बसवावा लागला. विलंबित लयीचा विस्तार तबकडीवर येऊ शकला नाही. यंत्राच्या मर्यादेने कलेच्या मांडणीवर घातलेले हे पहिले मोठे बंधन होय.

१९४८ मध्ये अमेरिकेत मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी दीर्घवादी तबकडी आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक ध्वनी मावू लागला. परंतु ही वाढ केवळ तबकडीपुरती नव्हती. खाचा अरुंद झाल्या होत्या. जुन्या सुईचे टोक सुमारे तीन सहस्रांश इंच त्रिज्येचे होते, तर नव्या तबकडीस एक सहस्रांश इंचाचे टोक आवश्यक होते. जुन्या जड सुईखाली नवी तबकडी खराब होई, आणि ७८ फेऱ्यांच्या यंत्रावर तिचा आवाज चिरका व द्रुत येई. तबकडीत दोष नव्हता, यंत्रातही नव्हता. दोहोंमधील मेळ मात्र सुटला होता.

केसरबाईंचे उदाहरण :

हा मेळ जपण्याचे सर्वांत बोलके उदाहरण गोमंतकातील केरी गावच्या सुरश्री केसरबाई केरकर यांच्याशी निगडित आहे. १९७७ मध्ये सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत त्यांची भैरवी समाविष्ट आहे. अधिक ध्वनी मावावा म्हणून या तबकडीचा वेग मिनिटाला १६ २/३ फेरे, म्हणजे प्रचलित वेगाच्या निम्मा ठेवण्यात आला. साठवण वाढली, पण ती अनोळखी श्रोत्यास कळणार कशी? म्हणून सोबत सुई ठेवली गेली आणि एका फेऱ्यास किती काळ लागावा याची आकृती आवरणावर कोरण्यात आली. साठवणुकीबरोबर ती वाचण्याची रीतही पाठविली गेली, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

सेकंद आणि मात्रा :

यंत्राकडून पुनरावृत्ती करून घेण्याची कल्पना जुनी आहे. पॅरिस येथे १९४८ मध्ये पिएर शेफर यांनी तबकडीची खाच वर्तुळात बंद करून एकच ध्वनी फिरता ठेवला. पुढे फितीचे टोक टोकाला जोडून तेच साधले गेले. १९९० च्या दशकात ही पुनरावृत्ती अंकीय स्मृतीत आली. लेक्सिकॉन कंपनीच्या 'जॅममॅन' या उपकरणाची मूळ क्षमता आठ सेकंद होती आणि स्मृती वाढविल्यास ती बत्तीस सेकंद होई. ओबरहाइमच्या 'एकोप्लेक्स डिजिटल प्रो' मध्ये ती सुमारे १९८ सेकंदांपर्यंत नेता येई.

हे आकडे आपल्या तालाच्या हिशेबात मांडले असता त्यांचा अर्थ उलगडतो. आठ सेकंदांत त्रितालाच्या सोळा मात्रा बसवायच्या तर लय मिनिटाला १२० मात्रांची, म्हणजे द्रुत ठेवावी लागेल. बत्तीस सेकंदांत ती ३० मात्रांपर्यंत उतरते. अतिविलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची धरली तर एका आवर्तनास ४८ सेकंद लागतात. म्हणजे बत्तीस सेकंदांच्या यंत्रात सम येण्यापूर्वीच स्मृती संपते. स्मृतिविस्तार ही आपल्या संगीतासाठी चैन नव्हती, ती पूर्वअट होती.

दोषशोधनाचा क्रम :

इतिहासातील हे सूत्र लक्षात घेतल्यास दोष शोधणे सुकर होते. प्रथम यंत्र बंद करून जुनी स्मृती परत बसवावी. यंत्र पूर्ववत चालल्यास ते निर्दोष समजावे. त्यानंतर नवी स्मृती खाचेत नीट बसली आहे काय ते पाहावे. तरीही ती ओळखली न गेल्यास क्षमतेची मर्यादा तपासावी. मूळ प्रकारचे एसडी कार्ड दोन गिगाबाइटपर्यंतचे असते. चार ते बत्तीस गिगाबाइटचा एसडीएचसी प्रकार २००६ मध्ये आला आणि त्यापूर्वीची अनेक यंत्रे तो ओळखत नाहीत. योग्य क्षमतेचे कार्ड यंत्रातच फॉरमॅट करावे, मात्र त्याने सर्व काही पुसले जाते, म्हणून आधी प्रत काढावी.

ध्वनी वाजतो पण लय चुकते, असे झाल्यास फाइलचे स्वरूप पाहावे. सेकंदाला ४४,१०० नमुने अपेक्षिणाऱ्या यंत्रास ४८,००० नमुन्यांची फाइल दिल्यास ते ती नाकारते किंवा संथ व खालच्या स्वरात वाजविते. जागा वाचविण्यासाठी एमपी३ केल्यास फाइलच्या आरंभी व अखेरीस किंचित शांतता जोडली जाते आणि नेमकी समेवर पोकळी पडते. गाण्यात ती जाणवणार नाही, लेहऱ्यात मात्र ती अक्षम्य ठरते.

प्रस्तुत लेखकाच्या यंत्रातील दोष क्षमतेच्या मर्यादेचाच निघाला. दोन गिगाबाइटच्या कार्डावर यंत्र पुन्हा बोलू लागले. जुने कार्ड पुसण्याची घाई केली नव्हती, म्हणूनच तो लेहरा वाचला.

निष्कर्ष :

तबकडीपासून स्मृतिकार्डापर्यंत साठवण वाढण्याच्या प्रत्येक टप्प्यावर वाचणारे यंत्र मागे राहिले आणि दोष तेथेच उद्भवला. पूर्व विदर्भातील दंडार, खडी गंमत व भजनी मंडळांची ध्वनिमुद्रणे आज घरोघरी कॅसेट आणि कार्डांवर विखुरलेली आहेत. ती मोठ्या साठवणीत हलविताना मूळ प्रत राखणे, आणि फाइलचे स्वरूप, वेग, ताल व वादकाचे नाव यांची नोंद सोबत ठेवणे अगत्याचे आहे. केसरबाईंच्या भैरवीसोबत वाचनाची रीत अंतराळात पाठविली गेली. आपल्या गावच्या लेहऱ्यासोबत ती निदान एका वहीत तरी लिहून ठेवावी, अशी अपेक्षा बाळगणे गैर ठरू नये.