गाठ, गोणी आणि सूटकेस : वऱ्हाडातील ओझ्याच्या शब्दांचा इतिहास

मराठीतील परकीय शब्दांची चर्चा प्रामुख्याने शुद्धीच्या अंगाने झाली आहे. सतराव्या शतकातील ‘राज्यव्यवहारकोशा’पासून विसाव्या शतकातील सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीपर्यंत शब्द कोठून आला, हा प्रश्न अग्रभागी राहिला, तो कोणाच्या खांद्यावर होता, हे क्वचितच विचारले गेले. ओझे वाहण्याच्या साधनांची नावे मात्र या दुसऱ्या प्रश्नावाचून उलगडत नाहीत.

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे आणि अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे ही दोन गावे नावाच्या उत्तरपदाने वेगळी ओळखली जातात. एकाच्या नावातच लोहमार्ग शिरला. दुसऱ्याला स्थानक नाही, त्याच्या बाजूचा लोहमार्ग म्हणजे मलकापूरचा. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, १८६७ साली आगगाडी नागपूरला पोहोचली आणि १८७० साली खामगावच्या कापूसपेठेला स्वतंत्र फाटा मिळाला. त्याआधी दूरच्या मालाची वाहतूक मोठ्या प्रमाणावर बंजाऱ्यांच्या बैलतांड्यांवर चाले, आणि बैलाच्या पाठीवर दोहो बाजूंना लोंबणारी असे ती गोणी.

गोणी हा शब्द पाणिनीलाही ठाऊक आहे. धान्यादी भरण्याचे साधन या अर्थाने त्याने त्याची नोंद केली आहे. याच भारतीय शब्दापासून इंग्रजीतील ‘गनी’ तयार झाला. १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे तागाची पहिली गिरणी निघाली, आणि पुढे गिरणीतले तागाचे पोते गोणी याच नावाने गावोगावी पोहोचले. भाषाशुद्धीच्या दृष्टीने या शब्दात आक्षेपार्ह काहीच नाही. परंतु त्याचा धागा, त्याचा विणकर आणि त्याचा वाहक हे तिन्ही बदलले. तांडा वाटेवरून हटला तरी त्याची गोणी भाषेत राहिली. शब्दाचे सातत्य हे समाजाच्या सातत्याचा पुरावा नसते, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

या शब्दसमूहाचा दुसरा विशेष म्हणजे त्यातील बांधण्याची क्रिया. गाठोडे गाठीपासून आणि गाठ ‘ग्रंथि’पासून आली; ‘ग्रंथ’ही त्याच धातूचा. ‘बस्ता’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थ बांधलेला असाच. मराठीत तो लग्नाच्या कापडखरेदीला चिकटला आणि त्याचे क्रियापद ‘बांधणे’ हेच राहिले. ‘दप्तर’ची वाट अधिक लांबची आहे. कातडे या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून निघून तो फारसी-अरबीतून मराठीत आला. कागदपत्रांची नोंद, मग कचेरी आणि अखेर शाळकरी मुलाची पिशवी असे अर्थ त्याने घेतले. म्हणजे आतल्या वस्तूचे नाव बाहेरच्या आवरणाला मिळाले. पेशवे दप्तरातील ‘रुमाल’ या शब्दाचे नेमके उलट झाले : कागद बांधण्याचे फडके कागदांच्या मोजणीचे परिमाण ठरले. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांनी ज्या दप्तरातून पंचेचाळीस खंड काढले, ते या रुमालांत बांधलेले होते. वऱ्हाडात गाठ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे : दाबखान्यात बांधलेली रुईची गाठ. शिदोरीच्या गाठीवर हाताची खूण असते. मुंबईच्या बंदराकडे जाणाऱ्या रुईच्या गाठीवर लोखंडी पट्टी आली.

एकाच आकाराच्या कापडी वस्तूंना भाषा किती भिन्न प्रतिष्ठा देते, हे झोळी आणि थैली या शब्दांवरून दिसते. लोणार-मेहकरचा परिसर चक्रधरांच्या भ्रमणाशी निगडित आहे, आणि महानुभाव तसेच नाथ परंपरेत झोळी हे अपरिग्रहाचे साधन आहे. लौकिक व्यवहारात मात्र ‘झोळी पसरणे’ यात लाचारी आहे. थैली पैशाची असते. १९१६ साली टिळकांच्या साठीनिमित्त पुण्यात त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण झाली, आणि धनिकाला ‘थैलीशहा’ म्हणण्यात मराठीने आपला रोषही नोंदवला. वऱ्हाडी बोलीत मात्र बाजाराची साधी पिशवीही थैलीच. तिथे या शब्दाला वैभव नाही आणि कमीपणाही नाही.

ट्रंक, बॅग आणि सूटकेस यांनी या व्यवस्थेत कुलूप आणले. पेटी, पिशवी, थैली यांच्या पंगतीत बसून ती तिन्ही स्त्रीलिंगी झाली. व्याकरणाने त्यांना विनातक्रार घरात घेतले. सूट न वापरणाऱ्या समाजातही सूटकेस रुळली. मात्र गाठोडे सोडता येते, त्यात काय आहे ते बाहेरून चाचपता येते. सूटकेस आपला मजकूर लपवते. खासगी मालमत्तेची ही नवी कल्पना शिक्षण, नोकरी आणि प्रवास यांच्यासोबत आली, आणि ती सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) कैकाडी कुटुंबाचा संसार गाढवाच्या पाठीवर फिरतो. मराठीत ‘बिऱ्हाड’ हा शब्द सामानालाही लागतो आणि राहत्या जागेलाही. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण स्थिर घरातला माणूस गमतीने वापरतो. ज्याचे सामान हेच घर, त्याच्या लेखनात हा शब्द येतो तेव्हा त्यातील रूपक गळून पडते आणि केवळ वर्णन उरते.

समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हेच. पडशी, चंची, कसा, वळकटी या शब्दांना जुन्या वातावरणाची रंगछटा मानून त्यांचे अर्थ शब्दसूचीत देणे पुरेसे नाही. शरीराच्या कोणत्या भागाने कोणते ओझे पेलले, ते कोणी बांधले आणि सोडण्याचा अधिकार कोणाला होता, हे या शब्दांत नोंदलेले आहे. या सगळ्यांच्या जागी ‘बॅग’ आली की मराठीचे शुद्धत्व उणावते असे नव्हे. ओझे वाहणाऱ्यांमधला भेद दाखवणारी एक नोंदवही मिटते.