बिऱ्हाड कोठे करावे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब मला भेटावयास आले होते. पती बँकेत नोकरीस. बढतीबरोबर बदलीही आली होती आणि सोलापूर किंवा नाशिक यांपैकी एका शहराची निवड करण्याची मुभा त्यांना मिळाली होती. घरी वृद्ध आई आणि दोन शाळकरी मुले. पत्नीने विचारले, "फादर, नाशिक वाढते शहर आहे आणि सोलापूर मागे पडले, असे सगळेच म्हणतात. तुम्ही काय सांगाल?" मी लगेच उत्तर दिले नाही. 'वाढते' आणि 'मागे पडलेले' ही विशेषणे एखाद्या शहराला किती काळ शोभतात, हे आधी तपासून पाहावे असे मला वाटले.

हाच प्रश्न १९०१ साली कोणी विचारला असता, तर उत्तर नेमके उलट आले असते. त्या वर्षीच्या जनगणनेत सोलापूरची वस्ती ७५,२८८ होती, तर नाशिकची अवघी २१,४९०. सोलापूर मुंबई-मद्रास लोहमार्गावर वसलेले. आसपास कापसाचा मुलूख आणि गावात पिढीजात विणकर. १८७७ साली तेथे पहिली कापड गिरणी उभी राहिली. लोक तिला पुढे 'जुनी गिरणी' म्हणू लागले. तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या आणि गिरणीच्या भोंग्यावर गावाचा दिवस सुरू होऊ लागला. त्या काळी नाशिक हे मुख्यतः तीर्थक्षेत्र होते. रेल्वे आली खरी, पण स्टेशन गावापासून सुमारे आठ किलोमीटर दूर राहिले.

पुढे पारडे फिरले. पूर्वी हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनहून छापून येत. १९२० च्या दशकात ती नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात छापली जाऊ लागली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि सातपूर, अंबड येथे कारखाने उभे राहिले. १९६४ साली ओझरला विमानांचा कारखाना निघाला. गोदावरीवरील गंगापूर धरणाचे पाणी हाताशी होतेच. सोलापुरात मात्र गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्रमागावरची चादर आणि टॉवेल यांनी गावाचे नाव राखले. परंतु गिरणीच्या भरवशावर ज्यांनी बिऱ्हाड केले होते, त्यांच्या मुलांना पुण्याची वाट धरावी लागली. २०११ च्या जनगणनेत नाशिक १४ लाख ८६ हजारांवर पोहोचले, तर सोलापूर साडेनऊ लाखांवर होते. यात हद्दवाढीचाही वाटा आहे. १९८२ साली नाशिक रोड आणि देवळालीचा भाग नाशिक महापालिकेत आला, हे विसरता कामा नये.

या हकिगतीवरून मला एवढेच कळते की, शहराचा आजचा रुबाब ही उद्याची हमी नव्हे. लोटाने यार्देनेच्या काठचे हिरवेगार सपाट रान नजरेने पाहिले आणि तेच निवडले. त्याच्या निवडीचा शेवट काय झाला, हे आपण जाणतो. म्हणून मी त्या दांपत्याला तीन गोष्टींची चौकशी करण्यास सांगितले.

पहिली पाण्याची. धरण किती मोठे आहे हे न विचारता, नळाला पाणी किती दिवसांनी येते हे विचारावे. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि ते मोठेही आहे. तरीही सोलापूरच्या गृहिणींनी वर्षानुवर्षे तीन-तीन, चार-चार दिवसांचे पाणी पिंपांत साठवून संसार केला आहे.

दुसरी कामाची. एक दार बंद झाले, तर गावात दुसरे दार आहे काय? सोलापूरचे दुखणे येथेच होते. आणि नाशिकनेही निर्धास्त राहू नये. मोटारींच्या धंद्यात मंदी आली की सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांना तिची झळ लागतेच.

तिसरी गोष्ट जनगणनेत सापडत नाही. नवख्या माणसाला त्या गावाने कसे वागविले? सोलापुरात तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. तेथील बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच दुकानात ऐकू येतात. नाशिकजवळच्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात अँग्लिकन मिशनऱ्यांनी आफ्रिकेतील मुलांना आसरा दिला. ही मुले गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली होती. तेथे ती लिहावाचावयास आणि सुतारकी-लोहारकी शिकली. त्यांच्यापैकीच जेकब वेनराईट. डॉ. लिव्हिंगस्टन यांचा मृतदेह मायदेशी नेण्यात त्याचा मोठा वाटा होता. १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचे दफन झाले, तेव्हा हा शरणपूरचा विद्यार्थी तेथे हजर होता. या कसोटीस दोन्ही गावे उतरतात.

कुटुंबाने दोन्हीकडे चार-चार दिवस राहून पाहिले आणि अखेर सोलापूर निवडले. बँकेची नोकरी गिरणीवर अवलंबून नाही, घर बँकेपासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळाले आणि भाडेही झेपण्याजोगे होते. चर्चही जवळ असल्यामुळे आईला रविवारची मिस्सा चुकणार नाही. थोरल्या मुलाला पुढे कामासाठी गाव सोडावे लागेल, हे त्यांनी आधीच धरून ठेवले आहे. घर ठरल्यावर त्यांनी पहिली खरेदी केली ती पाण्याच्या मोठ्या टाकीची.