माजी सैनिकांचे वार्धक्यकालीन मज्जाविकार व मनोविकार

युद्धसेवेत मेंदूस झालेली इजा, अंगावर आलेले विषारी द्रव्य किंवा मनावर बसलेला आघात यांचे जे परिणाम सैनिकाच्या उतारवयात प्रथमच प्रकट होतात, अथवा तोवर दबून राहून पुन्हा उफाळतात, त्यांचा येथे विचार केला आहे. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय वाङ्मयात आणली. ‘आघातोत्तर तणाव विकृती’ या नावाने स्वतंत्र रोग म्हणून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात या जातीच्या विकारास स्थान मिळाले ते मात्र १९८० मध्ये.

या विकारांतील मुख्य अडचण पुराव्याची आहे. कारण सैनिकाचे दप्तर सेवानिवृत्तीच्या दिवशी बंद होते आणि व्याधी त्यानंतर कित्येक दशकांनी रुजू होते. दुसऱ्या महायुद्धात डोक्यास मार लागून इस्पितळात दाखल झालेल्या अमेरिकन नौसैनिकांची १९४४-४५ मधील कागदपत्रे सुदैवाने शाबूत होती, म्हणूनच सुमारे पन्नास वर्षांनंतर त्यांची तपासणी होऊन, मध्यम दुखापतीने अल्झायमरची शक्यता दुपटीहून व गंभीर दुखापतीने चौपटीहून अधिक वाढते, हे २००० मध्ये प्रसिद्ध करता आले. मनाच्या जखमेचा असा दाखला क्वचितच सापडतो. तथापि पंचावन्न वर्षांपुढील सुमारे १ लाख ८१ हजार माजी सैनिकांच्या २०१० मधील अभ्यासात, सात वर्षांच्या अवधीत आघातोत्तर विकृती असलेल्यांपैकी १०.६ टक्के, तर इतरांपैकी ६.६ टक्के स्मृतिभ्रंशाने ग्रस्त झाल्याचे आढळले.

व्हिएतनाममध्ये युद्धकाळात फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या डायॉक्सिनमिश्रित वनस्पतिनाशकाशी प्रत्येक शिपायाचा संपर्क सिद्ध करणे अशक्यच होते. म्हणून तेथे सेवा केलेल्याचा कंपवात सेवेमुळेच उद्भवला असे गृहीत धरण्याचा नियम अमेरिकन सरकारने २०१० मध्ये केला, आणि पुराव्याचा भार वृद्ध अर्जदाराच्या थरथरत्या हातांतून काढून घेतला. या विषयातील याहून न्याय्य निर्णय प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

भारतात १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना सुरू आहे. परंतु सातारा जिल्ह्यातील अपशिंग्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसे धाडणाऱ्या गावांत शुश्रूषेचा खरा भार घरच्यांवरच असतो. स्मृतिभ्रंशात नजीकच्या आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या मागाहून. त्यामुळे नातवाचे नाव विसरलेल्या आजोबांना चौकी, तुकडी व पडलेले सोबती लख्ख आठवतात, आणि रात्री ते पहाऱ्यास उठू पाहतात. अशा वृद्धाशी हुज्जत घालू नये. आणि झोपेतून उठवताना अंगास एकाएकी हात न लावता, पायथ्याशी थोडे दूर उभे राहून, नावाने हलकेच हाक मारावी.