विझलेल्या सात दिव्यांची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात वसईच्या आमच्या जुन्या घराची कौले उतरविण्यापूर्वी माळा रिकामा केला. तेव्हा एका पत्र्याच्या डब्यात, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले सात सी.एफ.एल. दिवे हाती आले. सातही विझलेले, बुडाशी काळवंडलेले. कागदाच्या घड्या आईच्या हातच्या होत्या. आई आज नाही. विझलेले दिवे तिने इतक्या निगुतीने का ठेवले असावेत, या विचारात मी त्या दुपारी माळ्यावरच बसून राहिलो.

कंदिलाची, चिमणीची आठवण सारेच काढतात. पिवळ्या बल्बविषयीही कोणी हळवे होते. सी.एफ.एल.च्या वाट्याला मात्र ते भाग्य आले नाही. तो ना धड जुना, ना धड नवा. दोन युगांच्या मधला दिवा. तरीही त्याला इतिहास आहे आणि आपल्या घरांच्या जडणघडणीत त्याचा वाटा आहे.

लांब नळीचा ट्यूबलाईट १९३८ साली अमेरिकेत बाजारात आला. कचेऱ्या व कारखाने त्याने उजळले. पण बल्बच्या होल्डरमध्ये तो कसा बसावा? १९७३ च्या तेलटंचाईने जगाला विजेची किंमत कळली आणि या प्रश्नाला धार आली. १९७६ साली जनरल इलेक्ट्रिकमधील एडवर्ड हॅमर या अभियंत्याने काचेच्या बारीक नळीला पीळ देऊन ती बल्बएवढ्या जागेत बसविली. परंतु त्यासाठी नवे कारखाने उभारण्याचा खर्च कंपनीला परवडेना, आणि तो दिवा कपाटात पडून राहिला. १९८० मध्ये फिलिप्सने होल्डरमध्ये बसणारा आपला दिवा विक्रीस आणला. चोक पोटातच असल्याने त्याचे वजन सुमारे अर्धा किलो भरे. १९८५ मध्ये ओसरामने इलेक्ट्रॉनिक चोक वापरला, तेव्हा दिवा हलका झाला व त्याची थरथर थांबली. हॅमरची पिळाची नळी मात्र १९९० नंतरच्या दशकात चीनमधील कारखान्यांतून जगभर पोहोचली.

दिव्याची रचना साधी होती. नळीत पाऱ्याची किंचित वाफ. विजेने ती चेतविली की डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघत आणि नळीच्या आतील पांढरा लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करी. जुन्या बल्बमध्ये विजेचा नऊ-दशांशाहून अधिक भाग उष्णतेत वाया जाई. म्हणूनच साठ वॅटच्या बल्बचे काम हा दिवा चौदा-पंधरा वॅटमध्ये करी.

आमच्या घरी तो आला २००५ च्या सुमारास. महाराष्ट्रात लोडशेडिंगने कहर केला होता आणि संध्याकाळचा स्वयंपाक मेणबत्तीच्या उजेडात होई. धाकट्या भावाने शंभराहून अधिक रुपये मोजून एक दिवा आणला, तेव्हा आईने त्याला चांगलेच फैलावर घेतले. दहा रुपयांच्या बल्बने घर चालत असताना ही उधळपट्टी कशाला? भावाने तिला हिशेब मांडून दाखविला. साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला नऊ युनिटे. हा दिवा जेमतेम दोन. त्या दिवसापासून विजेचे बिल आले की आई आधी युनिटांचा आकडा पाही, मग रुपयांचा. दिवा बिघडला तर बाजारातील दुरुस्तीवाला थोड्या पैशांत आतला सुटा भाग बदलून देई. जे हिशेब आमच्या घरात झाले, तेच पुढे सरकारनेही केले. २००९ साली सुरू झालेल्या बचत लॅम्प योजनेत जुना बल्ब दिला की पंधरा रुपयांत सी.एफ.एल. मिळे.

सर्वांत अधिक आठवते ती त्याची सावकाशी. बटण दाबले की प्रथम तो मंद, आजारी माणसासारखा फिकट उजळे. पाऱ्याची वाफ पुरती भरली की मिनिटभराने त्याला तेज चढे. तेवढ्या वेळात आई खुर्ची पुढे ओढी, चष्मा पुसे आणि शिवण हाती घेई. आजचे एल.ई.डी. दिवे क्षणात लख्ख उजेड देतात. त्यांनी आपल्याला पुष्कळ दिले; ते मिनिट मात्र नेले.

निळा एल.ई.डी. शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली आणि दोन-चार वर्षांतच सी.एफ.एल. दुकानांतून दिसेनासा झाला. २०१६ साली जनरल इलेक्ट्रिकनेही त्याचे उत्पादन थांबविण्याची घोषणा केली.

पण दिवा गेला तरी त्यातला पारा गेला नाही. जपानमधील मिनामाता येथे एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून पारा खाडीत गेला, मासळीत उतरला आणि मासळी खाणाऱ्या कोळ्यांच्या कुटुंबांना लुळे करून गेला. १९५६ साली तो आजार उघडकीस आला. त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. घरगुती सी.एफ.एल.चे उत्पादन २०२५ पर्यंत थांबवावे, असे करारातील राष्ट्रांनी २०२२ साली ठरविले. न्यायाने सांगायचे तर एका दिव्यात पारा काही मिलिग्रॅमच असे. आणि कोळसा जाळूनही पारा हवेत जातो, म्हणून वीज वाचविणाऱ्या दिव्याने काही पारा वाचविलाही. परंतु थोड्याचा गुणाकार कोट्यवधी घरांशी केला की थोडे ते थोडे राहत नाही. २०१६ च्या ई-कचरा नियमांत या दिव्यांचा समावेश झाला. तोवर किती दिवे उकिरड्यावर फुटले असतील, कोण जाणे.

डबा खाली आणला तेव्हा माझी पुतणी म्हणाली, "मीच आजीला सांगितलं होतं, यात पारा असतो म्हणून. शाळेत शिकवलं होतं. तेव्हापासून ती कोणाला टाकू द्यायची नाही. म्हणायची, पावसात वाहून बावखलात जाईल."

माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या बाईने नातीचा शब्द प्रमाण मानला आणि जे करार व कायदे पुढे सांगणार होते ते एका पत्र्याच्या डब्यात आधीच करून ठेवले. त्या दिव्यांनी आम्हांला वीज जपायला शिकविले; विझलेला दिवा जपण्याचे शहाणपण मात्र तिचे एकटीचे होते. वस्तू घेताना आपण तिचा भाव विचारतो. तिचा शेवट कोठे होणार, हे विचारीत नाही. तिने विचारले.

ते सात दिवे सध्या माझ्या टेबलावर, त्याच कागदात आहेत. ई-कचरा रीतसर स्वीकारणाऱ्यांकडे ते मी स्वतः पोहोचविणार आहे. आईचे एवढे काम उरले आहे.