वारा, वाफ आणि ‘विक्रांत’

‘विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, त्या काळात मी नववीच्या मुलांची सहल घेऊन ती बघायला गेलो होतो. मुले अर्थातच विमानांभोवती जमली. ‘सी हॉक’ नावाचे छोटेसे जेट तिथे ठेवले होते. एका मुलाने डेकवर पावले मोजली आणि विचारले, “सर, एवढ्याशा जागेवरून हे विमान उडायचे कसे?” मी भाषा शिकवणारा माणूस. “वेगात सोडायचे” असे काहीतरी पुटपुटलो आणि मुलांना डबे उघडायला सांगितले.

परतीच्या गाडीत मात्र नानांची आठवण झाली. आईचे वडील. रत्नागिरीकडची आमची मुसलमान घरे पिढ्यानपिढ्या बोटीवर गेलेली. नाना इंग्रजी कंपनीच्या बोटीवर आगवाले होते. तळाशी बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा, वाफ पडू द्यायची नाही, हे आगवाल्याचे काम. जहाज दिसले की लोक डोलकाठी बघत, रंग बघत. नाना धूर बघत आणि बॉयलर किती असतील याचा अंदाज करत. त्या मुलाचा प्रश्न नानांना विचारला असता तर त्यांनी उत्तर खालून, बॉयलरपासून सुरू केले असते. पुढे मी जे वाचले त्यावरून वाटते की ते बरोबर ठरले असते.

विमान उडते ते पंखांवरून पुरेसा वारा वाहिला म्हणून. तो वारा जमिनीवर धावपट्टी मिळवून देते. जहाजावर किलोमीटर-दोन किलोमीटरची पट्टी कुठून आणणार? ‘विक्रांत’ची सगळी लांबी २१३ मीटर. म्हणून विमान सोडायचे असले की जहाज आधी वाऱ्याच्या तोंडाला वळवायचे आणि पूर्ण वेगात पळवायचे. उरलेला वेग द्यायचा कॅटापल्टने. कॅटापल्ट म्हणजे डेकखाली बसवलेली वाफेची गोफण. विमानाला तारेने जखडायचे, मागून अडवून धरायचे, इंजिन पूर्ण जोरात चालू करायचे आणि वाफ सोडायची. अडवणारा दुवा तुटतो आणि दोनेक सेकंदांत विमान पाण्यावर हवेत असते, किंवा नसते.

हिशेब पाचवीच्या मुलालाही येईल. समजा, विमानाला उचलायला ताशी २०० किलोमीटरचा वारा लागतो. जहाज ४५ ने पळते आहे, समोरून वारा २० चा आहे. म्हणजे जागच्या जागी उभ्या विमानाला ६५ आयतेच मिळाले. गोफणीने १३५ द्यायचे. आता जहाज २८ च्या वर जाऊच शकत नसेल आणि वाराही पडलेला असेल, तर गोफणीला १७२ द्यावे लागतील. आणि गोफणीची वाफ येते त्याच बॉयलरमधून, ज्यातून जहाजाच्या वेगाची येते. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जेट विमाने समुद्रावर आली तेव्हा उतरण्याची अडचण उडण्यापेक्षा मोठी होती. एरिक ब्राऊन या ब्रिटिश वैमानिकाने ३ डिसेंबर १९४५ ला ‘ओशन’ या जहाजावर ‘व्हॅम्पायर’ उतरवले; जहाजावर उतरलेले ते पहिले जेट. पण जेट वेगाने येते, आणि त्या काळची जेट इंजिने ऐनवेळी जोर धरायला वेळ लावत. डेक सरळ होता. आडव्या टाकलेल्या पोलादी तारांपैकी एकही विमानाच्या शेपटीच्या आकड्यात अडकली नाही, तर समोर जाळी आणि जाळीपलीकडे उभी केलेली बाकीची विमाने. ब्रिटिशांनी १९४८ मध्ये एका जहाजावर रबराची गादी अंथरून विमान बिनचाकांचे पोटावर उतरवण्याचे प्रयोगही केले! हसू येते, पण त्यांची निकड खरी होती. उपाय सापडला तो फार साधा: उतरण्याची पट्टी थोडी तिरपी करायची. तार चुकली तर समोर मोकळा समुद्र. पुन्हा जोर देऊन उडायचे, फेरी मारायची, परत यायचे. त्याच सुमारास उतरणाऱ्याला उंची दाखवणारा आरसा आला. हिरव्या दिव्यांच्या रेषेत प्रकाशाचा ठिपका दिसला की तुम्ही नीट येताय. ठिपका खाली गेला की तुम्ही खाली गेलात. आणि वाफेचा कॅटापल्टही त्याच काळातला.

‘विक्रांत’चे नशीब असे की ती या सगळ्यासाठी थांबून राहिली होती. दुसऱ्या महायुद्धात ‘हर्क्युलिस’ म्हणून बांधायला घेतलेले हे जहाज युद्ध संपल्यावर अर्धवट पडून राहिले. १९५७ मध्ये भारताने ते घेतले आणि बेलफास्टच्या गोदीत पूर्ण करताना तिरपा डेक, वाफेचा कॅटापल्ट, आरसा हे सगळे बसवले गेले. ४ मार्च १९६१ ला ती आपल्या नौदलात आली. १८ मे रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी तिच्यावर पहिले जेट उतरवले. हेच पुढे नौदलप्रमुख झाले. नोव्हेंबरमध्ये ती मुंबईला पोचली.

१९६५ च्या लढाईत ती दुरुस्तीसाठी गोदीत होती. पाकिस्तानने ती बुडवल्याचे जाहीर केले. बुडाली नाही, पण लढलीही नाही, आणि नौदलात ते अनेकांना बोचत राहिले.

आणि १९७० मध्ये तिच्या बॉयलरला भेगा सापडल्या. चार बॉयलर, त्यांच्या पाण्याच्या ड्रममध्ये भेगा. वेल्डिंगने भागणारे काम नव्हते. नवे ड्रम इंग्लंडहून यायला हवे होते. बॉयलर पेटवू नयेत असा हुकूम निघाला आणि जहाज महिनोन् महिने मुंबईत थंड पडून राहिले. पूर्वेकडे बंगालमध्ये आग लागली तेव्हा आपली एकुलती एक विमानवाहू नौका या अवस्थेत होती. तिला युद्धात नेऊ नये असे म्हणणारे भित्रे नव्हते. भेगा पडलेल्या ड्रममध्ये दाबाखाली वाफ धरणे म्हणजे काय, हे ज्याने बॉयलर फुटल्याच्या गोष्टी ऐकल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही. नानांच्या तोंडून मी त्या ऐकल्या होत्या, आणि त्या सांगताना ते विडी विझवून ठेवत.

१९७१ च्या मार्चमध्ये बॉयलर कमी दाबावर पेटवले गेले. चोवीस-साडेचोवीस नॉटचे जहाज, म्हणजे तासाला ४५ किलोमीटरचे, आता पंधराच्या आसपास चालणार होते, म्हणजे २८. वरचा हिशेब आता पुन्हा बघा. वैमानिकाचे धाडस जितके खरे, तितकेच खाली दाबाच्या काट्यावर नजर ठेवून उभ्या असलेल्या माणसाचे. वैमानिकाला निदान आकाश दिसत होते.

कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या हाताखाली ती बंगालच्या उपसागरात गेली, अंदमानच्या आडोशाला लपली. तिला शोधायला आलेली ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमच्या समोर आतल्या सगळ्या माणसांसह बुडाली. ४ डिसेंबरला सकाळी आठ ‘सी हॉक’ कॉक्स बझारवर गेले, त्याच दिवशी चाटगाववर. पुढचे दिवस ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’ आळीपाळीने बंदरे, धावपट्ट्या, जहाजे यांवर मारा करत राहिले. पूर्वेकडचा समुद्री रस्ता बंद झाला. एकही ‘सी हॉक’ गमावले नाही. स्वराज प्रकाश आणि विमानांचे नेतृत्व करणारे संतोषकुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळाले.

आई सांगते, रेडिओवर चाटगावची बातमी आली तेव्हा नाना खुर्चीतून उठले होते. आनंद होताच. मग बराच वेळ गप्प बसले. चाटगाव त्यांच्या ओळखीचे होते. बोट तिथे लागायची. सिल्हेट, नोआखाली, चाटगावचे खलाशी जगातल्या सगळ्या बंदरांत त्यांना भेटले होते, एकाच ताटात भात खाल्ला होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये याच चाटगाव बंदरात बंगाली तरुणांनी अंगाला सुरुंग बांधून, पोहत जाऊन जहाजे उडवली होती, म्हणजे बॉम्ब पडत होते ते कुणासाठी, हे त्यांना ठाऊक होते. तरी जेटीवर कामाला आलेला हमाल कुठे पळाला असेल, हाही प्रश्न होता. आमच्या घरात त्या लढाईची आठवण अशी दुहेरी आहे. कुणी एकच बाजू मागितली की मला अवघडल्यासारखे होते.

युद्धानंतर, १९७९ ते ८१ च्या दुरुस्तीत, बॉयलरचे काम झाले. १९८३ पासून ‘सी हॅरियर’ आले. ते जागच्या जागी खाली उतरते, त्याला ना तार लागे ना आकडा. पुढे जहाजाच्या तोंडाशी चढणीची पट्टी बांधली आणि गोफणीचे दिवस संपले. ३१ जानेवारी १९९७ ला जहाज निवृत्त झाले. २०१२ ला संग्रहालय बंद झाले आणि २०१४ मध्ये ते भंगारात निघून मुंबईतच दारूखान्याला गेले. जहाज तोडताना वरून खाली तोडत जातात. म्हणजे मुलांनी पावले मोजलेला डेक आधी गेला असणार, आणि बॉयलर अगदी शेवटी.

नाना त्याआधीच, नव्वदीच्या दशकात गेले. ‘विक्रांत’च्या बॉयलरला तेव्हा भेगा होत्या हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, आणि मलाही ते फार उशिरा कळले.

त्या भंगारातले काही पोलाद बजाजने मोटरसायकलच्या टाकीत वापरले. डेकवर पावले मोजणाऱ्या त्या विद्यार्थ्याने ती गाडी घेतली आणि मला दाखवायला शाळेत आला. या वेळी मी त्याला हिशेब नीट समजावून सांगितला. तो ऐकत राहिला, मग टाकीवर हात ठेवून म्हणाला, “सर, हा तुकडा डेकचा असेल की बॉयलरचा?”