निरोप पोचेपर्यंत

न्यूयॉर्क, 1945. रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये मेरिल चेस यांच्या टेबलाशी तुम्ही उभे आहात. समोरच्या गिनीपिगला क्षयाचे जंतू कधी शिवलेले नाहीत. त्याच्या शरीरात चेस यांनी, या जंतूंची ओळख झालेल्या दुसऱ्या गिनीपिगच्या पेशी सोडल्या आहेत. आता कातडीत ट्युबरक्युलिन, म्हणजे क्षयाच्या जंतूंपासून काढलेला अर्क, टोचलंय. उद्या पाहा: जागा लाल, टणक, सुजलेली. नुसत्या रक्तद्रवाने हे कधी साधलं नव्हतं. क्षयाची ओळख पेशींतून एका अंगातून दुसऱ्यात गेलीय, आणि ती नेणाऱ्या टी पेशींचं नावही अजून कुणी ऐकलेलं नाही.

1973. संस्था तीच. राल्फ स्टाइनमन सूक्ष्मदर्शकावरून बाजूला होतात. तुम्ही डोळा लावा. उंदराच्या प्लीहेतल्या पेशींच्या गर्दीत एक वेगळीच दिसते. हातपाय फुटल्यासारखे लांबट फाटे, सतत बाहेर येणारे, आत ओढले जाणारे. ही डेंड्रायटिक पेशी. टी पेशींना पहिला धडा हीच देते, हे मानायला जगाला बरीच वर्षं लागणार आहेत.

2008. शहर तेच. न्यूयॉर्क विद्यापीठात जोएल अर्न्स्ट यांचा गट क्षयाचे जंतू दिलेल्या उंदरांमध्ये टी पेशी जाग्या होईपर्यंतचे दिवस मोजतोय. त्यातल्या एका उंदराच्या फुप्फुसात उतरा. भक्षक पेशींनी जंतू गिळलेत, पण ते आत मरत नाहीत, वाढतात. सहाय्यक टी पेशी लसिकाग्रंथीत थांबल्यात, त्यांना अजून काहीच कळलेलं नाही. डेंड्रायटिक पेशी जंतू घेऊन तिथे पोचेपर्यंत आठवडा उलटतो. इतर कित्येक संसर्गांत हे काम दोन-तीन दिवसांत होतं!

जंतू आल्याच्या या निरोपाबरोबर हुकूमही येतो. डेंड्रायटिक पेशी इंटरल्युकिन-12 सोडते, तेव्हा टी पेशी Th1 नावाच्या लढाऊ वळणाची होते. फुप्फुसात जाऊन गॅमा इंटरफेरॉन सोडते, आणि भक्षक पेशींना जंतू मारायचं बळ येतं. जंतूंनी ग्रासलेली डेंड्रायटिक पेशी मात्र शिकवण्यात कच्ची पडते. जंतूंचे तुकडे ती शेजारच्या निरोगी पेशींच्या हवाली करते आणि धडा त्या देतात. मला यातलं सर्वांत विलक्षण हेच वाटतं.

माणसातही हा उशीर दिसतो: ट्युबरक्युलिन चाचणी उमटायला संसर्गानंतर दोन ते आठ आठवडे लागतात. तोवर जंतूंना रान मोकळं. म्हणून क्षयाची नवी लस नुसत्या टी पेशी वाढवणारी असून भागणार नाही. हा उशीर तोडणारी हवी.